अजिंठ्याला वाहिलेले आयुष्य : मेजर रॉबर्ट गिल

महाड गाव सोडून मुंबईच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर पाले गावाचा डोंगर दिसतो. त्या डोंगराच्या कुशीत गांधारपाल्याची लेणी आहेत. आमच्याकडची पोरे त्या लेण्यांना फार मोठे काही समजत नाहीत. सुटीच्या दिवशी वर चढायचे, सावित्री आणि गांधारीचा संगम पाहायचा, भाकरी खायची आणि खाली उतरायचे, एवढाच आपला त्यांच्याशी संबंध. मी शाळेत असताना तिथे गेलो होतो, तेव्हा खिळ्याने एका खांबावर माझे नाव कोरून आलो. आपले नाव आता कायम राहणार याचा त्या वेळी केवढा आनंद झाला होता!

या वर्षी इतिहासाच्या अभ्यासात अजिंठ्याची माहिती वाचताना एका माणसाचा परिचय झाला आणि त्या खांबाची मला प्रथमच लाज वाटली. त्या माणसाचे नाव मेजर रॉबर्ट गिल. ते परके होते, सैनिक होते आणि शिकारी होते. तरीही आपल्या मातीतल्या एका ठेव्यासाठी त्यांनी आयुष्याची पस्तीस वर्षे खर्ची घातली.

अजिंठ्याची लेणी दोन कालखंडांत खोदली गेली. पहिली इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकात आणि दुसरी पाचव्या शतकात, वाकाटकांच्या राजवटीत. पुढे भिक्षू निघून गेले, वाघूर नदीच्या त्या नालेच्या आकाराच्या दरीत रान माजले आणि लेण्यांमध्ये वटवाघळे राहू लागली. भोवतालच्या गुराख्यांना आणि भिल्लांना लेणी ठाऊक होतीच. बाहेरच्या जगाला ती कळली २८ एप्रिल १८१९ रोजी. मद्रास सेनेतला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असता समोरच्या कड्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली. तो आत गेला आणि त्याने काय केले? तिथल्या एका खांबावर, रंगवलेल्या आकृतीवरच, आपले नाव आणि तारीख कोरली. हे वाचले तेव्हा मला माझा खिळा आठवला.

त्यानंतर हौशी प्रवासी येऊ लागले. कोणी चित्रे पाहिली, कोणी वर्णने लिहिली, तर कोणी आठवण म्हणून भिंतीचा तुकडाच काढून नेला. डॉ. बर्ड नावाच्या एका विद्वान गृहस्थांनी तर चित्रातल्या आकृती सोलून काढण्याचा प्रयत्न केला. त्या आकृती हातात येता येता भुगा झाल्या. असे का झाले हे समजण्यासाठी ती चित्रे कशी केली होती हे पाहिले पाहिजे. खडबडीत काळ्या पाषाणावर आधी मातीचा गिलावा देत. त्यात भाताचे तूस, गवताचे तंतू असे काही मिसळत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवत आणि तो वाळल्यावर रंग भरत. लाल काव, पिवळी माती, हिरवी माती, दिव्याची काजळी, पांढरा चुना आणि दूरदेशाहून आणलेल्या लाजवर्द नावाच्या दगडाचा निळा, असे ते रंग. आपल्या घरची सारवलेली भिंत आणि अजिंठ्याची भिंत यांत तसे पाहिले तर नाते आहे. मातीची भिंत कुदळीने सोलून दुसरीकडे नेता येईल काय? आपल्या आईला विचारले असते तरी तिने नाही म्हणून सांगितले असते!

या नासाडीने ज्याचे मन कळवळले तो जेम्स फर्ग्युसन. तो मुळात कलकत्त्याचा निळीचा व्यापारी. पण भारतातल्या जुन्या इमारतींचा अभ्यास करण्याचे त्याला वेड लागले. १८३९ मध्ये त्याने अजिंठा पाहिला आणि १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. भिंती वाचवता येत नसतील तर निदान चित्रांच्या हुबेहूब नकला तरी त्या नष्ट होण्याआधी करून घ्याव्यात, असा आग्रह पुढे आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी तो मानला. आता चित्रे काढणारा हवा होता. तो सापडला मद्रास सेनेत.

रॉबर्ट गिल यांचा जन्म १८०४ सालचा. विशीत ते हिंदुस्थानात आले आणि कंपनीच्या मद्रास सेनेत दाखल झाले. हातात बंदूक होती, पण त्याच हाताला कुंचल्याचीही सवय होती. १८४४ मध्ये त्यांची अजिंठ्याच्या कामावर नेमणूक झाली, तेव्हा ते चाळिशीत होते. पलटणीतली बढती, छावणीतले आयुष्य, बरोबरीच्या अधिकाऱ्यांची संगत हे सारे मागे ठेवून ते निजामाच्या मुलखातल्या अजिंठा गावी आले आणि तिथल्या बारादरीत त्यांनी मुक्काम ठोकला.

आज आपण एस. टी. ने जातो, तिकीट काढतो आणि विजेच्या उजेडात चित्रे पाहतो. गिल यांच्या काळी गावापासून लेण्यांपर्यंत काही कोसांचे रान होते. रानात वाघ होते. हिवतापाची भीती होती. लेण्यांच्या आत अंधार, वटवाघळांची घाण आणि दमट हवा. त्यात उभे राहून मूळ चित्राएवढाच मोठा कॅनव्हास लावायचा आणि तैलरंगांत त्याची नक्कल उतरवायची! पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने बोधिसत्त्वाच्या भुवईला दिलेला बाक आपल्या हातून तसाच यावा लागे. स्वतःचे काही घालायचे नाही, काही सुधारायचे नाही. जिथे गिलावा पडला आहे तिथे पडलेलाच दाखवायचा. चित्रकाराच्या मनाला ही किती मोठी शिस्त! शास्त्रज्ञ जशी नोंद घेतो तशी ही रंगांत घेतलेली नोंद होती.

हे काम एक-दोन वर्षांत उरकेल असे वरिष्ठांना वाटले असावे. ते चालले १८६३ पर्यंत. या अवधीत गिल यांनी सुमारे तीस मोठे कॅनव्हास पुरे केले आणि ते एकामागून एक लंडनला रवाना झाले.

याच वर्षांत त्यांच्या आयुष्यात पारो आली. ती अजिंठ्याच्या परिसरातली मुलगी. त्या दोघांविषयी तिकडे अनेक दंतकथा सांगतात. ना. धों. महानोरांनी त्यावर दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ मध्ये चित्रपटही निघाला. दंतकथा बाजूला ठेवली तरी एक दगड उरतो. अजिंठा गावात पारोची कबर आहे. गिल यांनी तिच्या स्मरणार्थ ती बांधली आणि तिच्यावर २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चित्रांची नक्कल करणाऱ्या या माणसाने दगडावर स्वतःहून कोरवले ते हे एकच नाव, आणि तेही आपले नव्हे.

पारो गेली त्याच सुमारास गिल यांनी एक नवे साधन हाती घेतले. ते म्हणजे कॅमेरा. छायाचित्रणाची विद्या तेव्हा बाल्यावस्थेत होती. काचेवर रसायने लावून चित्र घ्यावे लागे आणि ते सारे सामान दरीत उतरवावे लागे. गिल दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने एकाच दृश्याची शेजारी शेजारी दोन चित्रे घेत. ती एका छोट्या यंत्रातून पाहिली की खांब पुढे आणि भिंत मागे अशी खोली डोळ्यांना दिसते. घरात बसून लेण्यात उभे राहिल्याचा भास! १८६४ मध्ये लंडनला त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके निघाली. एकात खोदीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू आणि प्राणिजीवन यांची १०० दुहेरी छायाचित्रे होती. चित्रे गिल यांची आणि विवेचन फर्ग्युसनचे. एकाजवळ डोळा आणि हात, दुसऱ्याजवळ अभ्यास. एकमेकांवाचून दोघांचेही काम अपुरे राहिले असते. कलावंत आणि शास्त्रज्ञ यांनी हातात हात घालावा असे आज व्याख्यानांतून ऐकतो. ते या दोघांनी दीडशे वर्षांपूर्वीच करून दाखवले होते.

आणि मग तो घाला पडला. लंडनजवळ सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेस नावाचे काचेचे भव्य प्रदर्शनगृह होते. गिल यांचे बहुतेक कॅनव्हास तिथे मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्ये त्याला आग लागली आणि मांडलेले सारे कॅनव्हास जळून गेले. जे त्या वेळी प्रदर्शनात नव्हते असे चार-पाचच वाचले. जवळजवळ वीस वर्षांचे श्रम एका आगीत राख झाले! गिल तेव्हा बासष्ट वर्षांचे होते.

आपल्यापैकी कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. गिल मात्र त्या वयात पुन्हा अजिंठ्याच्या कामाला लागले, कॅमेरा घेऊन आणि कुंचला घेऊनही. लेण्यांची चिंता त्यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेली नाही. एप्रिल १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि भुसावळ येथे त्यांना पुरण्यात आले. ज्या देशात ते जन्मले तिथे त्यांची माती गेली नाही.

त्यांचे काम पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी उचलले. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातले विद्यार्थी घेऊन ते १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला नकला करीत होते. त्यात पेस्तनजी बोमनजींसारखे आपल्याकडचे तरुण चित्रकार होते. दैवाची थट्टा अशी की त्यांच्याही बऱ्याचशा नकला १८८५ मध्ये लंडनला आगीतच जळाल्या. तरीही १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन मोठे खंड निघाले आणि अजिंठा जगाच्या घराघरांत पोचला.

येथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चरित्र नुसती आरती होईल. एकोणिसाव्या शतकात नकला करणाऱ्यांनी अंधारात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासले. १९२० नंतर निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटणारा रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा थर दिला. हेतू सर्वांचा चांगला होता. परंतु ते थर काळानुसार पिवळे-तपकिरी पडले, त्यांवर धूळ आणि धूर बसला आणि चित्रे काळवंडली. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तोच थर बोटभर बोटभर जागेवरून, मूळ रंगाला धक्का न लावता, काढत बसावे लागले. गिलाव्यातले तूस खाणारे किडे, पावसाळ्यात झिरपणारे पाणी आणि हजारो पाहुण्यांच्या श्वासातला दमटपणा यांच्याशीही त्यांना झगडावे लागते. १९८३ मध्ये अजिंठा जागतिक वारसा ठरला, म्हणून काही किडे थांबले नाहीत! नुसते प्रेम पुरत नाही, प्रेमाला ज्ञानाची जोड लागते, हे अजिंठ्याने शिकवले. आणि नुसते ज्ञानही पुरत नाही, कारण कोणता रंग मूळचा आणि कोणता मागाहून चढलेला हे पाहायला चित्रकाराची नजर लागते. गिल यांची छायाचित्रे म्हणूनच मोलाची. भिंतीवर तेव्हा काय होते आणि त्यानंतर काय गेले, हे ती सांगतात.

कॅनव्हास जळाले म्हणून गिल यांचे आयुष्य वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या नकलांमुळे जगाला कळले की या दरीत काहीतरी जपण्यासारखे आहे. नकला गेल्या, पण जपण्याची ओढ मागे राहिली. ग्रिफिथ्स त्याच ओढीने आले आणि त्यांच्यामागून आणखी कितीजण आले.

गेल्या महिन्यात मी पुन्हा पाल्याचा डोंगर चढलो. तिथे एक जुना शिलालेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतला तो लेख कानभोअ विष्णुपालित या कुमाराचे नाव सांगतो. त्याने लेणे दिले, म्हणून त्याचे नाव दगडावर शोभते. जॉन स्मिथचे शोभत नाही आणि माझे तर मुळीच नाही. माझी अक्षरे मी शोधून काढली. ती पुसण्याचा मोह झाला. पण घासायला गेलो तर खांब आणखी खरवडला जाईल, एवढे आता मला कळते. म्हणून तसाच खाली आलो.

आपल्या महाविद्यालयात चित्रे काढणारे मित्र आहेत, कॅमेरा चांगला चालवणारे आहेत, शास्त्र शाखेतले मित्रही आपल्या ओळखीचे आहेत. पाल्याच्या प्रत्येक लेण्याचे आणि शिलालेखाचे रेखाटन, मोजमाप आणि छायाचित्र आपण मिळून केले, पाणी कुठे झिरपते त्याची दर पावसाळ्यात नोंद ठेवली, तर मेजर गिल यांना तीच खरी श्रद्धांजली ठरेल. निदान पुढच्या वेळी वर जाताना कोणी खिशात खिळा नेऊ नये, एवढी तरी विनंती करून हा लेख पुरा करतो.