कॅरोलिन हर्शेल : रात्रीच्या नोंदवहीची धनीण

आकाशांत नवीन कांहीं सांपडलें म्हणजे सर्वजण दुर्बिणीचें कौतुक करितात. तिच्या शेजारच्या नोंदवहीकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु पाहिलेली गोष्ट त्याच क्षणीं लिहून ठेविली नाहीं, तर ती पाहिली न पाहिली सारखीच होय. हें ज्यांनीं आपल्या दीर्घ आयुष्यानें दाखवून दिलें, त्या कॅरोलिन हर्शेल यांचा परिचय आम्ही आज आमच्या बालवाचकांस करून देत आहों.

जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं ता. १६ मार्च १७५० रोजीं त्यांचा जन्म झाला. वडील सैन्याच्या वाद्यवृंदांत वादक होते. बालपणीं टायफस तापानें त्यांची वाढ खुंटली व उंची सव्वाचार फुटांच्या आसपासच राहिली. मुलीनें घरकाम व शिवणटिपण सांभाळावें, अधिक विद्या तिला नको, असें आईचें मत होतें. शेवटीं १७७२ सालीं थोरले बंधु विल्यम यांनीं त्यांस इंग्लंडांतील बाथ शहरीं नेलें. विल्यम संगीतशिक्षक होते. त्यांच्या हाताखालीं बाई गायन शिकल्या व जलशांतून गाऊं लागल्या. पुढें बंधूंस ताऱ्यांचा ध्यास लागला. ता. १३ मार्च १७८१ रोजीं त्यांस प्रजापति म्हणजे युरेनस हा ग्रह सांपडला, राजाश्रय मिळाला, आणि बहिणीचें गाणें कायमचें मागें पडलें. हा त्याग लहान नव्हता.

नंतर भावंडांनीं आकाशाचें पद्धतशीर निरीक्षण आरंभिलें. वीस फूट लांबीची दुर्बीण एका दिशेस रोखावयाची. एक मजूर ती हळूहळू खालीं-वर करी, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळें तारे आपोआप तिच्यापुढून सरकत. विल्यम उंच मचाणावर उभे राहत. दिव्याकडे पाहिलें कीं डोळ्यांस अंधारांतलें अंधुक दिसेनासें होतें. म्हणून त्यांनीं स्वतः लिहावयाचें नाहीं, असा नियम होता. बाई घड्याळ, दिवा व वही घेऊन बसत. विल्यम ओरडून सांगत. बाई तें वेळेसह टिपीत व मोठ्यानें परत म्हणून दाखवीत, म्हणजे चूक तेथल्या तेथें सुधारे.

रात्रीची तयारी दिवसां होई. फ्लॅमस्टीड या ज्योतिष्यांची ताऱ्यांची यादी तारकापुंजांप्रमाणें लाविलेली होती. बाईंनीं ती ध्रुवापासूनच्या अंतरानुसार पट्टे पाडून नव्यानें मांडली. त्यामुळें त्या रात्रीं कोणते तारे समोर येणार, हें आधींच कळे. शिवाय आदल्या रात्रीच्या टांचणाची शुद्ध प्रत व सर्व गणित त्याच करीत. आश्चर्य हें, कीं त्यांस पाढे कधींच पाठ झाले नाहींत. गुणाकाराचें कोष्टक त्या नेहमीं जवळ बाळगीत! आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं यावरून पाढे सोडूं नयेत. बाईंनीं गणित सोडलें नाहीं, हें लक्षांत घ्यावें.

ता. ३१ डिसेंबर १७८३ च्या रात्रीं जमिनीवर बर्फ साचलें होतें. ढग फांकले म्हणून त्या दुर्बिणीकडे धांवल्या, तों घसरून पडल्या आणि एक लोखंडी आंकडा गुडघ्याच्या वर मांडींत रुतला. मजुरांनीं उचललें तेव्हां मांसाचा तुकडा आंकड्यासच राहिला. त्यांस समाधान एवढेंच, कीं उरलेली रात्र अभ्राच्छादित गेली व बंधूंच्या कामाचें नुकसान झालें नाहीं.

ता. १ ऑगस्ट १७८६ रोजीं विल्यम जर्मनीस गेले असतां बाई आपल्या लहान दुर्बिणीनें एकट्याच आकाश पाहत होत्या. एक अंधुक गोळा दिसला. धूमकेतूचा संशय आला, तरी त्यांनीं घाई केली नाहीं. शेजारच्या ताऱ्यांसह त्याची जागा वहींत टिपून ठेविली. दुसरा सबंध दिवस पावसाचा गेला. मध्यरात्रीनंतर आकाश निवळलें, आणि कालच्या नोंदीशीं ताडून पाहतां तो सरकलेला आढळला. धूमकेतूच तो! विद्वानांस पत्रें लिहूनच त्या निजल्या. पुढल्या वर्षीं राजानें त्यांस सालीना ५० पौंड वेतन बांधून दिलें. १७९७ पर्यंत त्यांच्या नांवावर आठ धूमकेतु जमा झाले.

१८२२ सालीं विल्यम निवर्तले व बाई हॅनोव्हरला परतल्या. तेथें वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास त्यांनीं बंधूंनीं नोंदविलेले सुमारें २५०० तेजोमेघ व तारकागुच्छ पुनः पट्ट्यांप्रमाणें मांडून पुतण्या जॉन यांस पाठविले. त्या यादीच्या आधारें जॉन यांनीं ते पुनः पाहिले. १८२८ सालीं लंडनच्या ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें बाईंस सुवर्णपदक दिलें. ता. ९ जानेवारी १८४८ रोजीं, सत्त्याण्णवाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें.

बालमित्रहो, तुम्हांपाशीं दुर्बीण नसेल. पण वही व पेन्सिल तर आहे ना? आज रात्रीं अंगणांत जा. तारीख, वेळ, दिशा, आकाश स्वच्छ कीं ढगाळ आणि काय दिसलें, तें लिहा. कांहींच दिसलें नाहीं, तर तेंहि प्रामाणिकपणें लिहा. पालकांनींहि मुलाच्या, आणि विशेषतः मुलीच्या, हातीं ती वही आनंदानें द्यावी. हॅनोव्हरच्या त्या घरांत तेवढें झालें नव्हतें.