सुरवंटांची वही ठेवणाऱ्या मेरियनबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आले ते मुदत ठेवी आणि ज्येष्ठ नागरिकांचे व्याजदर. पण उभा जन्म बँकेत काढलेल्या माणसाने रौप्यमहोत्सवातही व्याजदरावरच बोलावे, हे आमच्या सौ.ना काही पसंत पडले नाही. म्हणून एका नोटेवरच्या बाईंबद्दल लिहितो.

नोकरीची शेवटची काही वर्षे मी परकीय चलनाच्या टेबलावर होतो. तिथे जर्मनीची ५०० मार्कांची नोट पाहायला मिळाली. १९९० नंतरच्या मालिकेतली ही नोट. पुढच्या बाजूला एका बाईंचे चित्र आणि मागे चक्क एक रानटी फुलझाड, त्यावर सुरवंट आणि पतंग! नोटेवर राजे, पुढारी, कवी, शास्त्रज्ञ असतात हे ठाऊक होते. सुरवंटाला नोटेवर जागा कोणी दिली, याचे कुतूहल तेव्हापासून होते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे थोडे थोडे वाचत गेलो. त्या बाईंचे नाव मारिया सिबिला मेरियन.

मारियाचा जन्म २ एप्रिल १६४७ रोजी जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात झाला. म्हणजे इकडे शिवाजी महाराज ऐन तारुण्यात स्वराज्याची जुळवाजुळव करत होते, तो काळ. वडील मॅथ्यूस मेरियन हे नावाजलेले कोरीव-चित्रकार आणि प्रकाशक. पण मुलगी तीन वर्षांची असतानाच ते वारले. आईने पुढे याकोब मारेल नावाच्या चित्रकाराशी लग्न केले. हे सावत्र वडील फुलांची चित्रे काढण्यात तरबेज. त्यांच्या हाताखाली मारिया रंग कालवायला, ब्रश धरायला आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायला शिकली. मुलींना विद्यापीठ तर सोडाच, धड शाळाही नव्हती. तिची शाळा म्हणजे घरातला हा कारखाना.

तेराव्या वर्षी, म्हणजे १६६० साली, तिने रेशमाचे किडे पाळले. तुतीची पाने घालायची, किडे मोठे होताना पाहायचे, त्यांनी कोश विणला की वाट पाहायची आणि आतून पांढरा पतंग बाहेर आला की त्याचे चित्र काढायचे. तिच्या लक्षात आले, की हे फक्त रेशमाच्या किड्याचेच नाही. कुंपणावरच्या, गवतातल्या, कोबीवरच्या साध्या सुरवंटांतूनही पतंग आणि फुलपाखरे निघतात. मग सापडेल तो सुरवंट घरी आणायचा, हा तिचा छंदच झाला.

आज आपल्या सोसायटीतला चौथीतला मुलगाही अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू ही साखळी घडाघडा म्हणून दाखवील. त्या काळी मात्र चिखलातून, दवातून, सडक्या पदार्थांतून किडे आपोआप जन्मतात, असे शिकलेसवरलेले लोकही मानत. किडा म्हणजे घाण, अशुभ, सैतानाचा. झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत, हे इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीने प्रयोग करून दाखवले ते १६६८ साली. म्हणजे ही तेरा वर्षांची पोर त्याच्या आठ वर्षे आधीपासून घरातल्या पेट्यांमध्ये तोच प्रश्न तपासत होती. तिला तो प्रश्न म्हणून कोणी घालून दिलेला नव्हता, एवढाच फरक.

१६६५ साली तिचे लग्न योहान आंद्रेआस ग्राफ या चित्रकाराशी झाले. मारेल यांच्याकडेच तो शिकलेला. पुढे हे जोडपे न्यूरेंबर्गला राहायला गेले. त्यांना दोन मुली झाल्या, योहाना आणि डोरोथिया. आता हिला मेरियनबाई म्हटले पाहिजे, कारण संसार सांभाळून बाई मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवत, रंग विकत आणि भरतकामाला उपयोगी पडतील अशा फुलांच्या चित्रांची पुस्तके काढत. आणि हे सगळे चालू असताना घरातल्या पेट्यांमध्ये सुरवंट वळवळत असत!

त्यांची पद्धत सांगितली पाहिजे, कारण सगळे मर्म तिथे आहे. सुरवंट सापडला की तो कोणत्या झाडावर होता हे आधी पाहायचे आणि त्याच झाडाची ताजी पाने त्याला रोज घालायची. त्याचा रंग, केस, चालण्याची तऱ्हा टिपून ठेवायची. कात कधी टाकली, कोश कधी केला, त्यातून किती दिवसांनी काय निघाले, हे लिहायचे. कोशाला शास्त्रीय शब्द त्यांच्यापाशी नव्हता. तो दिसतो खजुराच्या बीसारखा, म्हणून त्या त्याला सरळ खजुराची बी म्हणत. काही कोश हिवाळाभर तसेच पडून राहात. काही मरून जात. मेले तर मेले, असेही लिहायचे. कोशातून पतंगाऐवजी बारक्या माश्या निघाल्या, तर तेही लिहायचे. या माश्या सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात आणि त्याला आतून खाऊन वाढतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्यांना त्या कोड्याचा पूर्ण उलगडा झाला नव्हता, पण म्हणून त्यांनी नोंद गाळली नाही. आम्ही बँकेत नवीन मुलांना हेच सांगत असू. आकडा जुळत नसला तरी तो पुसायचा नाही, पुढे कोणालातरी कारण सापडते.

१६७९ साली त्यांचे सुरवंटांवरचे पहिले पुस्तक निघाले. सुरवंटांचे आश्चर्यकारक रूपांतर आणि त्यांचे फुलझाडांवरचे खाणे, अशा अर्थाचे लांबलचक जर्मन नाव. त्यात ५० चित्रे, सगळी त्यांनी स्वतः पाहून काढलेली. पहिलेच चित्र तुतीवरच्या रेशीमकिड्याचे. १६८३ साली दुसरा भाग, आणखी ५० चित्रे. या दोन्ही भागांत फुलपाखरांपेक्षा पतंगच जास्त आहेत.

डच चित्रकार यान गूडार्ट याने त्यांच्याआधी, १६६० च्या दशकात, सुरवंट आणि त्यातून निघणारे कीटक यांची चित्रे छापली होती. मग बाईंनी वेगळे ते काय केले? त्यांनी एकाच पानावर सगळा जन्म मांडला. मध्ये झाड, पानावर सुरवंट, देठाशी कोश, वर उडणारा पतंग आणि जिथे सापडली तिथे अंडीसुद्धा. कोण कुठे जन्मतो, काय खातो, पुढे काय होतो, हे एका नजरेत कळते. पुस्तकही पंडितांच्या लॅटिनमध्ये नाही, तर बाजारात बोलल्या जाणाऱ्या जर्मनमध्ये लिहिले.

झाड आणि सुरवंट यांची जोडी ही त्यांची मोठी देणगी. पुष्कळसे सुरवंट ठरावीक झाडाचीच पाने खातात, ती मिळाली नाहीत तर उपाशी मरतात, हे त्यांनी पाळून पाहिले होते. हे आपल्याही दाराशी घडते. मागच्या कुंपणाजवळच्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे सुरवंट पावसाळ्यात येतात, तेच मोठे होऊन हिरवेगार होतात आणि त्यांची फुलपाखरे बनतात. २०१५ साली आपल्या राज्याचे फुलपाखरू म्हणून जाहीर झालेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, हिचे सुरवंटही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच वाढतात. झाड गेले की सुरवंट दुसरीकडे बिऱ्हाड करत नाही, तो संपतो.

बाईंचा संसार मात्र टिकला नाही. सावत्र वडील वारल्यावर त्या आईजवळ फ्रँकफर्टला आल्या आणि पुढे नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. आई आणि दोन्ही मुली यांना घेऊन त्या नेदरलँड्समधल्या फ्रीसलँड प्रांतात एका कडक धार्मिक पंथाच्या वसाहतीत जाऊन राहिल्या. नवरा न्यायला आला, पण त्या परत गेल्या नाहीत. यथावकाश घटस्फोट झाला. सतराव्या शतकात एका बाईने हा निर्णय घेणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपण करावी. त्या शांत वसाहतीत त्यांनी १६६० पासूनच्या जुन्या नोंदी काढल्या आणि लहान लहान चर्मपत्रांवरची चित्रे व टिपणे एका वहीत नीट लावायला घेतली.

१६९१ साली त्या मुलींसह ॲम्स्टरडॅमला आल्या आणि चित्रे विकून स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. शहराचे महापौर निकोलास वित्सेन यांच्यासारख्या धनिकांकडे दूरदेशीच्या कीटकांचे संग्रह होते. बाईंनी ते पाहिले. टाचणीला टोचलेली सुंदर, मेलेली फुलपाखरे. पण ती कशातून निघाली, काय खात होती, कोणाला पत्ता नाही. म्हणजे शिल्लक आहे, पण व्हाउचर नाही! मग त्यांनी आपली चित्रे आणि संग्रह विकून पैसे उभे केले, मृत्युपत्र केले आणि १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, धाकट्या डोरोथियाला घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामचे जहाज पकडले.

तिथले डच मळेवाले साखरेशिवाय दुसरे काही जाणत नव्हते. अळ्या शोधत फिरणाऱ्या बाईंची त्यांनी थट्टा केली. बाईंना माहिती दिली, जंगलात वाट काढून दिली, ती तिथल्या मूळ रहिवाशांनी आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी. आपल्याकडे अंगणाअंगणात असतो तो लाल-पिवळ्या फुलांचा शंखासूर त्यांनी तिथे रंगवला आणि सोबत लिहून ठेवले, की आपली मुले गुलाम म्हणून जन्मू नयेत यासाठी तिथल्या गुलाम स्त्रिया त्याच्या बिया गर्भपातासाठी वापरतात. हे त्या बायकांनी स्वतः त्यांना सांगितले होते. मळेवाल्यांच्या हिशेबात जे कधी आले नसते, ते सुरवंटांच्या पुस्तकात आले.

तापाने बेजार होऊन १७०१ साली त्या परतल्या. १७०५ साली ६० मोठ्या चित्रांचे सुरिनामच्या कीटकांचे पुस्तक त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. नाव झाले, पैसा फारसा झाला नाही. पुढे पक्षाघाताचा झटका आला, तरी काम सुटले नाही. १३ जानेवारी १७१७ रोजी ॲम्स्टरडॅममध्ये त्यांचे निधन झाले. दफनाच्या नोंदवहीत त्यांची गणना निर्धनांत केलेली आहे. युरोपातल्या सुरवंटांचा तिसरा भाग, ५० चित्रांचा, डोरोथियाने त्याच वर्षी काढला. तीन भाग मिळून दीडशे चित्रे झाली.

त्यांच्या चित्रांवर विसंबून स्वीडनच्या लिनियसने पुढे अनेक कीटकांना शास्त्रीय नावे दिली. तरी एकोणिसाव्या शतकात काही विद्वानांनी त्यांना खोटे पाडायचा प्रयत्न केला. पक्षी खाणारा कोळी असतो कुठे, म्हणून हसले. हेन्री बेट्स या इंग्रज अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलात तो कोळी आणि त्याने मारलेले पक्षी डोळ्यांनी पाहिले, तेव्हा हसणे थांबले. त्यांच्या काही गोष्टी चुकल्याही. एक कीटक रात्री कंदिलासारखा उजळतो असे त्यांनी लिहिले, ते पुढे खरे ठरले नाही. पण जे स्वतः पाळून पाहिले, ते बहुतेक टिकले.

आणि ती वही? रशियाच्या पीटर द ग्रेटच्या डॉक्टरांनी ती झारसाठी विकत घेतली. ती सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीच्या ग्रंथालयात राहिली आणि १९७६ साली लाइपझिगमध्ये तिची हुबेहूब प्रत छापली गेली. तेरा वर्षांच्या मुलीने रेशीमकिड्यापासून सुरू केलेला हिशेब तीन शतकांनी जगाला वाचायला मिळाला.

हे सगळे आताच लिहिण्याला एक कारण आहे. मागच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात पेव्हर ब्लॉक बसवून गाड्यांची सोय करावी, असा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आहे. गाड्यांची अडचण खरी आहे, रात्री उशिरा येणाऱ्यांचे हाल मी गॅलरीतून रोज पाहतो. सभा बहुमताने ठरवील ते मला मान्य असेल. विनंती एवढीच, की त्या पट्ट्यात कोण कोण राहते याची नोंद आधी व्हावी. पंचवीस वर्षांत आपण प्रत्येक पावतीचा हिशेब ठेवला, पण कढीपत्त्याच्या त्या भाडेकरूंचे नाव आपल्या एकाही रजिस्टरात नाही.

शंभर पानी एक वही मी आणून ठेवली आहे. पहिल्या पानावर चार ओळी आहेत: तारीख, झाड, सुरवंटाचा रंग, पुढे काय झाले. वही वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवायला सेक्रेटरी साहेबांनी परवानगी दिली आहे. सोसायटीतल्या मुलामुलींनी येऊन लिहावे. सुरवंट मेला तर तेही लिहावे. एका पावसाळ्याची वही भरली, की ती सभेच्या टेबलावर ठेवू आणि मग हात वर करू.