सरकारी टेबलावरचा समुद्र

रेचेल कार्सन म्हटले की कीटकनाशकांवरचे ‘सायलेंट स्प्रिंग’ आठवते. ते १९६२ चे. दोनच वर्षांत बाई गेल्या. मला मात्र त्याआधीच्या, सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या कार्सनबाई अधिक जवळच्या वाटतात. दिवसा बँकेचे लेजर आणि रात्री कादंबरी, असा संसार मीही केला, म्हणून असेल.

पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेल गावी १९०७ साली त्या जन्मल्या. समुद्र तिथून कितीतरी दूर. लेखिका व्हायचे म्हणून कॉलेजात इंग्रजी घेतले, पण मेरी स्किंकर या प्राध्यापिकेने जीवशास्त्राची अशी गोडी लावली की विषयच बदलला. समुद्र प्रथम पाहिला तो १९२९ च्या उन्हाळ्यात, वुड्स होलच्या प्रयोगशाळेत. वय २२! जॉन्स हॉपकिन्समधून १९३२ साली एम. ए. झाल्या, पण मंदीच्या दिवसांत डॉक्टरेट सोडावी लागली. १९३५ मध्ये वडील गेले.

मत्स्य खात्यातल्या एल्मर हिगिन्स यांनी त्यांना रेडिओसाठी माशांवर लिहायचे काम दिले, सात-सात मिनिटांचे ५२ भाग. १९३६ साली परीक्षा देऊन त्या तिथेच नोकरीला लागल्या. पुढच्याच वर्षी बहीण वारली. म्हातारी आई आणि दोन पोरक्या भाच्या, सगळे या एका पगारावर. स्वतःचे संशोधन राहिले ते राहिलेच.

दुसऱ्यांचे अहवाल मात्र टेबलावर येत. त्यातूनच १९४३ ते १९४५ मधल्या पुस्तिका निघाल्या. युद्धामुळे मटणाची टंचाई होती, लोकांनी मासे खावेत ही सरकारची इच्छा. बाईंनी त्यात संरक्षणाचा मुद्दा घातला. सगळे जण ठरावीक चार माशांच्याच मागे लागले तर त्या जाती खालावतात; दुर्लक्षित मासेही खायला शिका, म्हणजे भार वाटला जाईल. (पापलेट-सुरमईपलीकडे न पाहणाऱ्या आपल्या घरांनाही हे लागू आहे.) कुठला मासा कसा वाढतो, कुठे सापडतो, कसा शिजवावा, सारे गृहिणीला कळेल असे लिहिले. कारकुनी कामात एवढा जीव ओतणारे मी फार थोडे पाहिले.

१९४९ साली ‘अल्बट्रॉस-३’ या संशोधन जहाजावरून त्या जॉर्जेस बँकच्या मासेमारी क्षेत्रात गेल्या. त्या जहाजावर तोवर बाई चढली नव्हती, म्हणून सोबतीला मैत्रीण नेली.

‘द सी अराउंड अस’ १९५१ मध्ये आले, गाजले, आणि १९५२ साली बाईंनी राजीनामा दिला. त्यांचे पहिले पुस्तक, ‘अंडर द सी-विंड’, १९४१ मध्ये दोन हजारही खपले नव्हते. राजीनाम्याच्याच वर्षी ते पुन्हा छापले गेले आणि हातोहात खपले.