एमॉस अलाँझो स्टॅग

एमॉस अलाँझो स्टॅग (१६ ऑगस्ट १८६२ – १७ मार्च १९६५) हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक व क्रीडा प्रशासक होते. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून निराळा आहे. शिकागो विद्यापीठात स्टॅग यांनी ४१ हंगाम प्रशिक्षण दिले. खेळ हा शिक्षणाचाच भाग आहे, म्हणून प्रशिक्षकास अध्यापकाचा दर्जा हवा, या विचाराचे ते पहिले ठळक प्रतिनिधी मानले जातात.

प्रारंभिक जीवन

स्टॅग यांचा जन्म न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे एका गरीब चर्मकाराच्या घरी झाला. धर्मोपदेशक होण्याच्या हेतूने ते येल विद्यापीठात दाखल झाले. तेथे बेसबॉलमधील गोलंदाज म्हणून त्यांनी नाव मिळवले; तथापि व्यावसायिक संघांची बोलावणी त्यांनी नाकारली. १८८९ मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या अखिल अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल संघात त्यांचा समावेश होता. प्रभावी वक्तृत्व आपल्याजवळ नाही हे उमगल्यावर त्यांनी व्यासपीठाऐवजी मैदान निवडले आणि ते स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए. प्रशिक्षण विद्यालयात गेले. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ तेथे त्यांच्या फुटबॉल संघात खेळत. ११ मार्च १८९२ रोजी बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना झाला. त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकांना ५–१ असे हरवले. शिक्षकांचा एकमेव गोल स्टॅग यांचा होता.

शिकागो विद्यापीठ

येलमधील त्यांचे गुरू विल्यम रेनी हार्पर हे नव्याने स्थापन झालेल्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांनी १८९२ मध्ये स्टॅग यांना शारीरिक शिक्षण विभागाचे संचालक म्हणून, सहयोगी प्राध्यापकाच्या दर्जासह नेमले. प्रशिक्षकाला असा मान मिळणे त्या काळी अपूर्व होते. पहिल्या हंगामात खेळाडू अपुरे पडल्याने स्टॅग स्वतःही संघातून खेळले.

त्यांच्या मार्गदर्शनाखाली शिकागोने सात वेळा विभागीय विजेतेपद पटकावले. ३० नोव्हेंबर १९०५ रोजी मिशिगन विद्यापीठावर २–० असा विजय मिळवून त्यांनी त्या संघाची सलग ५६ सामन्यांची अपराजित मालिका खंडित केली. त्याच हंगामात देशभर खेळाडूंचे मृत्यू व गंभीर दुखापती झाल्याने खेळावर टीकेची झोड उठली. पुढील वर्षी नियम बदलले व चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. स्टॅग नियम समितीचे दीर्घकाळ सदस्य होते.

या यशाला दुसरी बाजूही होती. त्यांच्या विभागावर अन्य अध्यापकांचे नियंत्रण नव्हते आणि प्रेक्षकांच्या तिकिटांचे उत्पन्न मोठे होते. १९०५ चा नायक वॉल्टर एकरसॉल पदवी न घेताच विद्यापीठाबाहेर पडला. खेळ शिक्षणासाठी की शिक्षणसंस्था खेळासाठी, हा प्रश्न त्यामुळे विद्यापीठात कायम राहिला.

निवृत्ती व पुढील काळ

अध्यक्ष रॉबर्ट मेनार्ड हचिन्स यांच्या कारकिर्दीत, सत्तरी गाठल्यामुळे, स्टॅग यांना १९३२ च्या हंगामानंतर नियमानुसार प्रशिक्षकपद सोडावे लागले. मैदानापासून दूरचे पद त्यांनी स्वीकारले नाही. १९३३ मध्ये ते कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे कॉलेज ऑफ द पॅसिफिकचे प्रशिक्षक झाले. १९३८ मध्ये हाच संघ घेऊन ते शिकागोला आले आणि त्यांच्याच नावाच्या मैदानावर त्यांनी जुन्या विद्यापीठाला ३२–० असे पराभूत केले. पुढल्या वर्षी मिशिगनकडून ८५–० असा दारुण पराभव पत्करल्यानंतर शिकागो विद्यापीठाने आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलच बंद केला. २ डिसेंबर १९४२ रोजी याच मैदानाच्या प्रेक्षक-सज्जाखाली एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखाली पहिली नियंत्रित आण्विक साखळी अभिक्रिया घडवण्यात आली.

१९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, स्टॅग वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. १९४७ ते १९५२ या काळात त्यांनी पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात पुत्र एमॉस यांच्यासह संघ सांभाळला. पत्नी स्टेला संघाच्या कामात त्यांना साहाय्य करीत. स्टॉकटनला परतल्यावर तेथील महाविद्यालयात चेंडूला लाथ मारण्याचे तंत्र शिकवणे त्यांनी १९६० पर्यंत चालू ठेवले. वयाच्या १०२ व्या वर्षी स्टॉकटन येथेच त्यांचे निधन झाले.

वारसा

प्रशिक्षक म्हणून स्टॅग यांच्या नावावर ३१४ विजय नोंदलेले आहेत. १९८१ मध्ये अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी हा आकडा ओलांडला. सरावासाठीचा पुतळा आणि अनेक डावपेच प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. १९५१ मध्ये खेळाडू व प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्यांना स्थान मिळाले. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिरानेही त्यांचा गौरव केला. क्रीडा शिष्यवृत्ती न देणाऱ्या महाविद्यालयांच्या तृतीय विभागाचा राष्ट्रीय अंतिम सामना १९७३ पासून त्यांच्या नावाने खेळला जातो. शिकागो विद्यापीठाने १९६९ मध्ये फुटबॉल पुन्हा सुरू केला, आणि पुढे त्याच शिष्यवृत्तीविरहित विभागात तो खेळू लागला.