दोन तारामती

दादासाहेब फाळके यांना १९१३ साली आपल्या ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटासाठी राणी तारामती हवी होती आणि सबंध मुंबईत ती मिळेना. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया तर दूरच राहिल्या; पण समाजाने ज्यांना प्रतिष्ठेच्या वेशीबाहेर ठेवले होते त्यांनीही पडद्यावर येण्यास नकार दिला. अखेर एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा तरुण फाळक्यांच्या नजरेस पडला आणि त्यालाच लुगडे नेसवून तारामती करण्यात आले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ च्या फेब्रुवारी महिन्यात, हीच कथा मराठीत बोलू आणि गाऊ लागली. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटात तारामती झाली ती गिरगावच्या कांदेवाडीत वाढलेली, महाविद्यालयात शिकलेली, दोन मुलांची आई असलेली एक तरुणी. तिचे नाव दुर्गा खोटे. तिचे माहेर लाडांचे. घराणे मूळचे गोमंतकीय आणि घरात बोलली जाणारी भाषा कोकणी.

दुर्गाबाईंना जाऊन आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. शताब्दी वा पुण्यतिथी असे कोणतेही निमित्त नसताना आम्ही आज त्यांचे स्मरण करीत आहोत. याचे कारण असे, की १९३२ हे साल आपण मराठी बोलपटाच्या जन्माचे साल म्हणून सांगतो आणि तेथेच थांबतो. त्या साली पडद्याला वाचा फुटली, तशी समाजाच्या मनातील एका अढीलाही फुटली. तिचा निकाल आपण अजून पुरता लावलेला नाही.

बोलपट आला तेव्हा नेमके काय बदलले हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि मूकपटांचे दिवस भरले. मूकपटांत नायिकेला दिसावे लागे, बोलावे लागत नसे. त्यामुळे यहुदी आणि अँग्लो-इंडियन तरुणींनी त्या काळी मोठे नाव मिळविले होते. ध्वनिक्षेपक समोर येताच स्वच्छ उच्चार, भाषेची जाण आणि गाता गळा या तीन गोष्टी एकाएकी अनिवार्य झाल्या. पार्श्वगायनाची सोय अद्याप नव्हती; ज्याने भूमिका करावी त्यानेच गावे, आणि तेही चित्रीकरण चालू असतानाच. शिवाय प्रभातसारखी कंपनी एकच चित्रपट मराठीत आणि हिंदीत असा दोनदा चित्रित करीत असे. अशा वेळी निव्वळ रूपावर भागण्यासारखे नव्हते; शिकलेली, बोलणारी आणि गाणारी स्त्री हवी होती.

विठा लाड हे दुर्गाबाईंचे माहेरचे नाव. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. वडील पांडुरंग शामराव लाड, आई मंजुळाबाई. मोठे एकत्र कुटुंब, खाऊन-पिऊन सुखी असे घर; कॅथीड्रल शाळा आणि पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालय असे त्या काळच्या मुलीला क्वचितच लाभणारे शिक्षण. शिक्षण पुरे होण्याआधीच श्रीमंत खोटे घराण्यात लग्न झाले. ही श्रीमंती मात्र टिकली नाही. सासरचे वैभव ओसरले आणि बकुळ व हरीन या दोन मुलांच्या संगोपनाचा प्रश्न उभा राहिला. पदरी शिक्षण होते, पण त्या शिक्षणाला बाजारात मोल मिळण्याचे मार्ग स्त्रीसाठी फारच थोडे होते. चित्रपटात त्या आल्या त्या हौसेने नव्हे, कलेच्या ध्यासानेही नव्हे. घर चालविण्यासाठी आल्या. पुढे लाभलेल्या कीर्तीच्या झगमगाटात ही साधी गोष्ट झाकली जाऊ नये.

पहिले पाऊल चुकीच्या ठिकाणी पडले. १९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ या मूकपटाला बोलत्या-गात्या दृश्यांचे ठिगळ लावण्यात आले; त्यात दुर्गाबाईंनी एक लहानसे काम केले. चित्रपट सुमार होता आणि त्याच्या अंगाला सवंगपणाचा वास होता. लाड-खोटे घराण्यातील स्त्री असल्या चित्रपटात दिसली म्हणून आप्तस्वकीयांत आणि समाजात गहजब उडाला. एखादी दुसरी स्त्री तेथेच मिटून गेली असती. प्रभातचे शांताराम यांनी मात्र त्याच तरुणीला तारामतीच्या भूमिकेसाठी निवडले. यात त्यांची पारख दिसते तसे दुर्गाबाईंचे धैर्यही दिसते. एकदा चटका बसल्यावर पुन्हा त्याच चुलीपाशी जाणे सोपे नसते.

प्रभात ही कंपनी १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी उभी केली होती. ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्र झाले ते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचेच. बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक हेही त्यात होते. कसलेल्या नाटकवाल्यांच्या या मेळ्यात रंगभूमीचा वारा न लागलेली एक नवखी स्त्री उभी राहिली आणि प्रेक्षकांनी तिला राणी म्हणून मानले. या भूमिकेत राजवैभवापासून दास्यापर्यंत आणि पुत्रशोकापर्यंतचे सारे टप्पे आहेत. दुर्गाबाईंच्या बांध्यात आणि बोलण्यात एक मुळातलाच आब होता. दास्यात पडलेली तारामतीही त्यांनी दीन होऊ दिली नाही. ज्या समाजाने वर्षभरापूर्वी नाके मुरडली होती तोच समाज आता सहकुटुंब चित्रपटगृहाकडे वळला. ‘आलम आरा’ची आज एकही प्रत उपलब्ध नाही, ‘अयोध्येचा राजा’ मात्र सुदैवाने टिकून आहे आणि पहिल्या मराठी बोलपटातील ही तारामती आपल्याला आजही पाहता येते.

त्याच वर्षी प्रभातच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये दुर्गाबाई स्त्रीराज्याची राणी झाल्या, बाजूला पाळीव चित्ता घेऊन बसलेली ती राणी जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात कायमची राहिली. त्या काळी नटनटी एका कंपनीच्या मासिक पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाईंनी हा दंडक मानला नाही. कलकत्त्याला जाऊन न्यू थिएटर्सच्या ‘राजरानी मीरा’त त्यांनी काम केले, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’त पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत त्या सीता झाल्या, आणि हे दोन्ही चित्रपट देवकी बोस यांच्यासारख्या दिग्दर्शकाचे होते. १९३४ चा हा ‘सीता’ व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. पुन्हा प्रभातकडे येऊन १९३६ च्या ‘अमर ज्योती’त त्यांनी सौदामिनी साकार केली. राज्याच्या कायद्याने आपल्याच मुलावरचा हक्क नाकारला म्हणून समुद्रावर लुटारूंची नायिका होणारी ही स्त्री. दोन मुलांचा भार एकटीने वाहणाऱ्या या अभिनेत्रीला त्या संतापासाठी फार दूर शोध घ्यावा लागला नसावा, असे आम्हास वाटते. त्यांनी ‘साथी’ काढून निर्मितीच्या क्षेत्रातही पाऊल टाकले. स्वतःचा धनी स्वतः असणे हे पुरुषांनाही जड जात होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’त त्या १९४१ साली छळवादी सासू झाल्या. तारुण्यातील नायिकेने इतक्या लवकर सासू व्हावे, याला धाडस लागते. पण वयाशी भांडत न बसण्याचा समंजसपणा त्यांच्यापाशी होता आणि त्यामुळेच त्यांची कारकीर्द पन्नास वर्षे चालली. १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई आठवावी, सम्राट पती आणि बंडखोर पुत्र यांच्यामध्ये सापडलेली ती माता दुर्गाबाईंशिवाय कल्पिता येत नाही. पुढे ‘बिदाई’तील आईसाठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. रंगभूमीवर त्या उशिरा आल्या, पण ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधील नायिका या भूमिकांनी त्यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीला बळ दिले. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक, १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार असे सन्मान त्यांना लाभले. ज्या फाळक्यांना तारामती मिळाली नव्हती त्यांच्याच नावाचा सन्मान एका तारामतीला मिळाला, हा योगायोग हृद्य आहे. खाजगी आयुष्यात मात्र नियतीने त्यांना सुखाने राहू दिले नाही. पती अकाली गेले. पुढे कर्ता मुलगा हरीन डोळ्यांदेखत गेला. लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था त्यांनी उभी केली, आपले आत्मचरित्र लिहिले, आणि २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या निवर्तल्या.

येथवर सर्वांनी मान डोलवावी असेच हे चरित्र आहे. पण आम्हास येथे थांबता येत नाही. दुर्गाबाईंविषयी लिहिताना एक वाक्य हटकून येते: कुलीन घराण्यातील स्त्रीने पदार्पण केल्यामुळे चित्रपट व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली, असे. हे विधान इतिहास म्हणूनही अपुरे आहे आणि न्याय म्हणूनही. इतिहास म्हणून अपुरे अशासाठी, की फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ मधील चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी भूमिका केल्या होत्या. पहिलेपणाचा मान त्यांचा आहे. आणि न्याय म्हणून अपुरे अशासाठी, की या वाक्याचा उलटा अर्थ असा होतो, की त्याआधी कलेची सेवा करणाऱ्या स्त्रियांपाशी प्रतिष्ठा नव्हती.

गोमंतकीय वाचकाला हा उलटा अर्थ झोंबलाच पाहिजे. दुर्गाबाईंच्या आधी एकच वर्ष, १९०४ साली, आपल्या कुर्डी गावात मोगूबाईंचा जन्म झाला. दोघींचे मूळ याच मातीतले. दोघींनी आपल्या कलेच्या बळावर मुले वाढविली. मोगूबाईंनी लहानपणीच नाटक मंडळीत भूमिका केल्या आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांची दुर्घट गायकी अपार कष्टाने आत्मसात केली. त्यांच्या विद्येविषयी शंका घेण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तरीही मैफलींच्या निमित्ताने त्यांना किती अवहेलना सोसावी लागली हे किशोरीताई आमोणकर पुढे सांगत असत. १९७४ साली मोगूबाईंना पद्मभूषण मिळाले. समाजाने द्यावयाचा मान त्या मानाने फार उशिरा आला. हिराबाई पेडणेकर यांनी १९०४ सालीच ‘जयद्रथ विडंबन’ हे नाटक लिहिले. मराठीतील या आद्य स्त्री-नाटककाराचे नाव आपल्यापैकी कितीजण घेतात? बांदोड्याच्या केळेकरांच्या घरातील ज्योत्स्नाबाई भोळे यांनी १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये काम करून आधुनिक मराठी रंगभूमीची दिशा बदलण्यास हातभार लावला. एकीने घराण्याची प्रतिष्ठा पणाला लावून कला जवळ केली. दुसऱ्यांनी प्रतिष्ठा नाकारली गेली असतानाही कला सोडली नाही. या दोहोंत अधिक धैर्य कोणाचे, याचा निवाडा करण्याचा अधिकार ज्या समाजाने दोघींनाही टोचले त्याला नाही.

दुर्गाबाईंचे मोठेपण यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट ते योग्य जागी बसते. आडनाव मोठे होते म्हणून त्या मोठ्या झाल्या नाहीत. आडनावाने त्यांना पहिल्या वर्षी निंदाच दिली. त्यांना मोठे केले ते वेळेवर चित्रीकरणाला हजर होण्याने, एकच प्रवेश दोन भाषांत दोनदा उभा करण्याने, वयाच्या पस्तिशीत सासू होण्याने आणि दुःखाने खचल्यावरही पुन्हा कामाला लागण्याने. प्रतिष्ठा कुळातून कामाकडे आली नाही. ती कामातून माणसाकडे आली. १९३२ ने शिकविलेला धडा हा आहे.

आपल्या गावोगावच्या उत्सवी नाटकांत स्त्री-भूमिकेसाठी बाहेरगावाहून नटी आणण्याची रीत फार काळ चालत आली. तिच्या अभिनयाला टाळ्या पडत, आणि आपल्या घरातील लेक रंगमंचावर उभी राहू इच्छिते म्हटले की त्याच हातांच्या मुठी वळत. आज चित्र पालटले आहे यात शंका नाही. २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि आपल्या मुली कॅमेऱ्याच्या पुढे तशाच मागेही निर्भयपणे उभ्या राहतात. तरीही एखाद्या मुलीचे नाव झाले की ती कोणाची, हा प्रश्न आपण आधी विचारतो. तिने काय केले, हा नंतर. तारामतीच्या कथेत राजवस्त्रे उतरल्यावरही राणीचे राणीपण शिल्लक राहते. ते वस्त्रांत नव्हते, हेच तर ती कथा सांगते. दुर्गाबाईंना वंदन करताना मोगूबाई आणि हिराबाईंनाही त्याच रांगेत, त्याच मानाने वंदन करता आले, तर ती कथा आपल्याला समजली असे म्हणता येईल.