विष्णु दिगंबर पलुस्कर

कृष्णाकाठच्या कुरुंदवाड येथे, दिगंबरपंत कीर्तनकारांच्या घरी १८७२ साली विष्णूचा जन्म झाला. घराणे मूळचे पलूसचे. बालपणी दत्तजयंतीच्या दारूकामात त्याचे डोळे भाजले व दृष्टी कायमची अधू झाली. तेव्हा वडिलांनी त्यास मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यास ठेविले.

त्या काळी ही विद्या गुरूच्या मुखातून शिष्याच्या कंठात जाई. गुरूचा श्वास थांबला, की न शिकविलेल्या चिजा त्याच्याबरोबरच नाहीशा होत. गवयास समाजात मानही बेताचाच असे. हे शल्य उरी बाळगून १८९६ साली विष्णुबुवांनी मिरज सोडली. औंध, सातारा करीत ते पुढे उत्तरेस गेले आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापिले.

विद्यालय निघाले खरे. पण मुलांच्या हाती द्यावयास पुस्तक कोठे होते? बुवांनी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली. सूर कोणत्या सप्तकातला, कोमल की तीव्र, किती मात्रांचा, हे सारे चिन्हांनी दाखविले. ज्यांना स्वतःस अक्षर दिसणे कठीण, त्यांनी इतरांस गाणे वाचावयास शिकविले! संतांची भजनेही अशीच स्वरांसह छापून निघाली.

पुढे मुंबईत विद्यालयाची भव्य वास्तू उभी राहिली. ती कर्जापायी लिलावात गेली. बुवा नाशिकास जाऊन रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेविला. तेव्हा त्यांचे शिष्य गावोगाव गायन शिकवीत होते.