सेवासदनाच्या रमाबाई

१८७३ सालच्या डिसेंबर महिन्यात एक विवाह झाला. वर महादेव गोविंद रानडे, वय एकतीस वर्षे. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक आणि पुण्याचे न्यायाधीश म्हणून त्यांची मोठी कीर्ती होती. वधू कुर्लेकरांची यमुना, वय अकरा वर्षे. तिला एक अक्षरही वाचता येत नव्हते. सासरी तिचे नाव रमा ठेवण्यात आले.

रमेचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. घर खाऊनपिऊन सुखी होते. मुलींना कथापुराणे ऐकविली जात, वळण लावले जाई. मात्र त्यांच्या हाती पाटी दिली जात नसे. लिहू-वाचू लागलेल्या मुलीस वैधव्य येते, अशी भोळी समजूत त्या काळी घरोघरी होती.

रानड्यांनी पत्नीच्या शिक्षणास लग्नानंतर लगेच आरंभ केला. दिवसभर न्यायालयाचे काम करून आलेले हे विद्वान गृहस्थ रात्री दिव्यापाशी बसून आपल्या पत्नीकडून अक्षरे गिरवून घेत. मुळाक्षरे झाली, मराठी पुस्तके आली, पुढे इंग्रजीही सुरू झाले. रमेची बुद्धी तल्लख होती. अडचण होती ती घरात.

त्या मोठ्या कुटुंबात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ होत्या. सुनेने पुस्तक हाती धरावे, हे त्यांना मुळीच रुचत नसे. माडीवर रात्री धडा चाले आणि दिवसा खाली स्वयंपाकघरात त्याबद्दल टोमणे ऐकावे लागत. इंग्रजी शिकविण्यास एक परदेशी बाई येऊ लागल्या, तेव्हा त्यांना शिवल्याबद्दल धड्यानंतर रमेने स्नान करावे, असा हट्ट धरण्यात आला. रमेने उलट उत्तर दिले नाही. पण धडाही सोडला नाही. रानड्यांनी एक शब्द टाकला असता, तर हा छळ कदाचित थांबला असता. परंतु वडिलांचे मन मोडणे त्यांच्या स्वभावात नव्हते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवूनच हा दुसरा विवाह केला होता. त्यांच्या या मवाळपणाचा भार पत्नीला सोसावा लागला, हे खरेच आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्याच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. घरातील अबोला वाढला. पण आपल्यासारख्याच शिकू पाहणाऱ्या इतर स्त्रिया तेथे भेटल्या. १८९३ साली रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथेही रमाबाईंनी स्त्रियांना एकत्र जमवून त्यांच्यासाठी वर्ग चालविले.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे निवर्तले. रमाबाईंना मूलबाळ नव्हते. त्या पुण्यास परत आल्या. काही काळ त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. पुढे त्यांनी हळूहळू कामास हात घातला. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन तेथील स्त्री-कैद्यांना त्या चार चांगल्या गोष्टी वाचून दाखवू लागल्या.

१९०९ साली त्यांनी आपल्या राहत्या वाड्यातच पुणे सेवासदन सुरू केले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या साहाय्यास होते. येथे येणाऱ्या विद्यार्थिनी लहान मुली नव्हत्या. त्या प्रौढ स्त्रिया होत्या. कोणी तरुणपणीच विधवा झालेल्या, तर कोणी संसारी, मुलाबाळांच्या आया. मुलींच्या शाळेत जाऊन आपल्या लेकीच्या वयाच्या पोरींशेजारी बसण्याची त्यांना लाज वाटे. शिवाय सकाळ-संध्याकाळ चूल सुटत नसे. म्हणून सेवासदनाचे वर्ग दुपारी, घरकाम आटोपल्यावर भरत. मोठ्या वयात अक्षर गिरविताना हात कसा अवघडतो आणि घरच्यांचे बोल कसे लागतात, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागत नव्हते.

आणखी एक गोष्ट येथे उपयोगी पडली. रमाबाईंचा वेष जुना होता, राहणी साधी होती आणि घरातील रीतिरिवाज त्यांनी टाकले नव्हते. त्यामुळे जुन्या वळणाची माणसेही आपल्या सुना-लेकींना त्यांच्याकडे निर्धास्तपणे पाठवीत.

लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकाम आले, प्रथमोपचार आले. पुढे अध्यापिकांचे शिक्षण सुरू झाले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे काम शिकण्यासही विद्यार्थिनी जाऊ लागल्या. परक्या रोग्याची शुश्रूषा करणे हे त्या काळी कुलीन स्त्रीस कमीपणाचे मानले जाई. त्यामुळे पुष्कळ टीका झाली. तरीही विधवा स्त्रिया हे काम शिकल्या आणि स्वतःची मीठभाकर स्वतः मिळवू लागल्या.

१९१० साली रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अकराव्या वर्षापर्यंत पाटी न पाहिलेल्या या लेखिकेचे हे पुस्तक मराठीतील नावाजलेल्या आत्मकथनांत गणले जाते.

१९२० च्या सुमारास पुण्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा प्रश्न निघाला. खर्च फार येईल, म्हणून आधी केवळ मुलांनाच ते लागू करावे, असे अनेक पुढाऱ्यांचे मत होते. रमाबाईंचे वय तेव्हा साठीकडे झुकले होते. मुलींना वगळू नये, यासाठी त्यांनी सभा घेतल्या आणि पुण्याच्या स्त्रिया मिरवणुकीने रस्त्यावर उतरल्या. ज्यांच्या घरी पूर्वी सुनेच्या हातातील पुस्तक खपत नसे, अशा घरांतील बायकाही आता नातींसाठी शाळा मागत होत्या.

१९२४ साली रमाबाई निवर्तल्या. सेवासदनात शिकून बाहेर पडलेल्या शिक्षिका आणि परिचारिका तोवर महाराष्ट्रात ठिकठिकाणी कामास लागल्या होत्या.